फुकटचं भूत

आमच्या सिनेमाचं बजेट १,८०० रुपये होतं. चौघांची वर्गणी. त्यातले ३०० पेट्रोलला गेले, शंभरेक रुपये कुंकू आणि गुळाला, एक किलो मैदा, आणि एकाच्या भावाचा शर्ट न विचारता फाडला म्हणून त्याला नवा घेऊन द्यावा लागला तो खर्च. उरलेल्या पैशांचे चहा-समोसे. २०१७चा डिसेंबर होता. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये नुसती धसकटं उभी होती, आणि चामोर्शीच्या बाहेरच्या मामा तलावावर सकाळी साडेसहाला असं धुकं यायचं की आम्हाला वाटलं, निसर्गानं अर्धा सिनेमा फुकट काढून दिलाय. उरलेला अर्धा काढायला फक्त झोंबी पाहिजे होते.

हे वेड कुठून आलं तर जिओमधून. आदल्या वर्षी फुकटचं इंटरनेट आलं आणि आम्ही रात्र-रात्र गच्चीवर बसून कुणी बघत नाही ते सिनेमे बघायला लागलो. त्यातच इटालियन झोंबीपट सापडले. ओठ वेगळं बोलतात, आवाज वेगळा येतो, आणि प्रेतं चिखलातून उठतात. आम्हाला ते सिनेमे भयानक कधीच वाटले नाहीत. वाटलं ते एवढंच, की अरे, हे तर आपणही करू शकतो.

तर मैदा. मैद्याची खळ तोंडाला लावून ती वाळू द्यायची, म्हणजे सडलेली कातडी दिसते, असं एका व्हिडिओत बघितलं होतं. आमच्या झोंबीच्या तोंडावरून ती खळ पापडासारखी सुटून पडली. गुळाच्या रक्तावर मुंग्या आल्या. मुख्य झोंबीला पहिल्याच सीनमध्ये हसू आवरेना. दोन सकाळी वाया गेल्या. तिसऱ्या सकाळी धुक्यातून आबाजी आले.

आबाजी आमच्यापैकी कुणाचेच सख्खे आजोबा नव्हते. वस्तीतले सगळे त्यांना आबाजी म्हणायचे. तीन-चार वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला होता. उजवा पाय जमिनीवर घासत यायचा, उजवा हात छातीशी आखडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. रोज सकाळी ते तलावाच्या पाळीवरून एक चक्कर मारायचे, कुणीतरी सांगितलं होतं की चालत राहिलं की पाय मोकळा होतो. आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीच काही बोललं नाही, आणि चौघांनाही एकच सुचलं होतं.

"कायचा सिनेमा गा?" त्यांनी विचारलं.

"गोष्टीचा आहे आबाजी. तुम्ही फक्त तिकडून इकडं चालत या."

"माजा पार्ट कोनता हाय?"

हा प्रश्न नीट लक्षात ठेवा, पुढं सगळा लेख त्याच्याभोवतीच फिरणार आहे. पार्ट हा शब्द आमच्याकडे कुणीही असाच वापरत नाही. तो नाटकातल्या माणसाचा शब्द आहे. आबाजी तरणे असताना दंडारीत नाचलेले, दोन हंगाम झाडीपट्टीच्या नाटकात छोटी कामं केलेले. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी म्हणालो, "म्हाताऱ्याचा." खोटं म्हणावं तर ते खोटंही नव्हतं.

ते चाळीसेक पावलं चालले. मी शूट केलं. त्यांना २०० रुपये दिले. बजेट सांगताना हे २०० रुपये मी वर धरले नाहीत, कारण ते माझ्या खिशातले होते. त्या वेळी मला ते माझं मोठेपण वाटलं होतं.

सिनेमा साडेचार मिनिटांचा झाला. यूट्यूबवर टाकला, शे-दोनशे जणांनी बघितला, त्यातले बरेचसे आम्हीच. पण कुणीतरी त्यातला आबाजींचा ४१ सेकंदांचा तुकडा कापला आणि 'चामोर्शीच्या तलावावर पहाटे दिसलेलं भूत, खरा व्हिडिओ' म्हणून व्हॉट्सॲपवर सोडला. आठवड्याभरात तो सिरोंच्याच्या एका नातेवाइकाकडून माझ्याकडे परत आला. आम्ही खूश झालो. हे लपवत नाही, फार खूश झालो. आमचं भूत चाललं होतं.

आता इटलीकडे जाऊ, कारण आम्ही केलं ते तिथं आधीच मोठ्या प्रमाणावर करून झालेलं होतं.

जॉर्ज रोमेरोचा १९७८चा 'डॉन ऑफ द डेड' इटलीत 'झोंबी' या नावानं लागला आणि चालला. लगेच १९७९मध्ये लुचो फुल्चीचा सिनेमा आला, नाव 'झोंबी २'. पहिल्याशी कथेचा काडीचा संबंध नाही, फक्त आकडा लावला. त्यात समुद्राखाली एक झोंबी शार्कशी झुंजतो. शार्क खरा होता. झोंबीच्या वेशात रामोन ब्राव्हो नावाचा मेक्सिकन पाणबुड्या होता, ज्याचं आयुष्य शार्कमध्येच गेलेलं. नकली शार्क बनवायचा तर किती खर्च, विचार करा. खरा स्वस्त पडला.

हे सूत्र त्या सगळ्या धंद्याला लागू होतं. आपल्याला वाटतं की गरीब सिनेमा म्हणजे खोटा, हलका, पुठ्ठ्याचा सिनेमा. उलट आहे. खोटं करायला पैसा लागतो. खोटं रक्त, खोटं प्रेत, खोटं जंगल, सगळ्याला कारागीर लागतो आणि कारागिराला मजुरी. ज्याच्याकडे पैसा नाही तो खऱ्याकडे वळतो, कारण खरं आजूबाजूला फुकट पडलेलं असतं. मग त्या खऱ्याचं बिल कुणीतरी दुसराच भरतो.

ब्रूनो मात्तेईचं उदाहरण घ्या. १९८०मध्ये त्यानं 'व्हिन्सेंट डॉन' हे टोपणनाव घेऊन एक झोंबीपट काढला. गोष्ट घडते न्यू गिनीच्या जंगलात, शूटिंग बरंचसं झालं स्पेनमध्ये. न्यू गिनीला जायला पैसे कुठले? संगीतसुद्धा गॉब्लिन या बँडनं दुसऱ्या सिनेमांसाठी केलेलंच वापरलं. आणि जंगल, आदिवासी, त्यांचे विधी हे सगळं आणलं दुसऱ्यांनी आधी शूट केलेल्या फिल्ममधून. बार्बे श्रोडरच्या १९७२च्या 'ला व्हाले' या सिनेमातले तुकडे त्यात आहेत, न्यू गिनीवरच्या माहितीपटातली दृश्यंही आहेत. लोक त्यावर हसतात, कारण जोड लगेच दिसते. फिल्मचा पोत बदलतो, उजेड बदलतो. आम्हीही गच्चीवर हसलो होतो.

पण त्या तुकड्यांमध्ये मर्तिक आहे. खरं मर्तिक. कुणीतरी खरंच मेलंय, त्याची माणसं त्याच्याभोवती बसली आहेत. पुढच्याच शॉटला स्पेनमधला नट बंदूक घेऊन झोंबी शोधतोय. म्हणजे त्या माणसांचं दुःख झोंबीच्या वातावरणनिर्मितीसाठी वापरलेलं आहे. त्यांना कुणी सांगितलं असेल का, की तुमचा पार्ट कोणता? कॅमेरा समोर होता तेव्हा तर हा सिनेमा कुणाच्या डोक्यातही नव्हता.

दुसऱ्यांदा बघताना मी त्या जागी थांबलो. कारण मी गडचिरोली जिल्ह्यातला आहे. पुण्यात शिकायला गेलो तेव्हा 'कुठला?' या प्रश्नाचं उत्तर दिलं की समोरच्याच्या डोळ्यांत एक सिनेमा सुरू झालेला मला दिसायचा. जंगल, बंदुका, ढोल, उघड्या अंगाची माणसं. चामोर्शीत बस स्टँड आहे, कॉलेज आहे, मार्कंड्याचं शेकडो वर्षांपूर्वीचं देऊळ तालुक्यात आहे, महाशिवरात्रीला तिथं वैनगंगेच्या वाळूत पाय ठेवायला जागा नसते, बांगलादेशातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत, हे सांगायला लागलो की समोरच्याचा रस कमी व्हायचा. दक्षिणेकडच्या माडिया गावांमध्ये मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभे केलेले असतात. त्या दगडांना टेकून सेल्फी काढणारे पाहुणे मी बघितलेत. तेव्हा मला राग येतो. दुसऱ्यांच्या भयपटात आम्ही एक्स्ट्रा आहोत, हे मी तावातावानं अनेकदा बोललोय. आणि त्याच मी आबाजींना धुक्यातून चालायला लावलं होतं. मात्तेईला शिव्या घालायचा अधिकार मला उरत नाही, आणि तरीही घालाव्याशा वाटतात.

'गरीब होतो, काय करणार' हे उत्तर पुरतं का? इथं रामसे बंधू आठवतात. आमच्या आईवडिलांच्या पिढीनं यांचे सिनेमे रात्रीच्या खेळाला जाऊन बघितले. कराचीहून फाळणीनंतर मुंबईत आलेले, लॅमिंग्टन रोडला रेडिओचं दुकान टाकलेले एफ. यू. रामसे आणि त्यांचे सात मुलगे. त्यांनी १९७०मध्ये काढलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात त्या प्रसंगाला थिएटरात लोक घाबरत होते, हे मुलांनी बघून ठेवलं. तिथून १९७२चा 'दो गज जमीन के नीचे' आला. गाडलेला नवरा मातीखालून परत येतो अशी गोष्ट. म्हणजे आपल्याकडचा जवळपास पहिला झोंबी. सगळं कुटुंब बसमध्ये बसून महाबळेश्वरला गेलं, तिथंच राहून शूटिंग केलं. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक संकलनावर, दोघं दिग्दर्शनावर, आणि स्वयंपाकाला घरच्या बाया. सिनेमा साडेतीन लाखांच्या आसपास झाला असं सांगतात.

हीसुद्धा गरिबीच. पण या गरिबीचं बिल बऱ्यापैकी घरातच भरलं गेलं. झोप त्यांची गेली, पैसा त्यांचा अडकला, भाकऱ्या त्यांच्या आईनं थापल्या. रामसेंचा सिनेमा मला कलेच्या दृष्टीनं मात्तेईपेक्षा फार वरचा वाटतो असं नाही (बायका दाखवण्याची त्यांची पद्धत तर अजिबात सोसत नाही), पण हा एक फरक मला मोठा वाटतो.

तरी रामसेंकडेही एक खरं शरीर होतंच. १९८४च्या 'पुराना मंदिर'मधला सामरी. अनिरुद्ध अग्रवाल. उंच, लांबट चेहरा, जड जबडा. रूडकीत शिकलेला इंजिनिअर माणूस. त्याच्या चेहऱ्याच्या ठेवणीमागं पिट्यूटरी ग्रंथीचं दुखणं होतं. रामसेंना मुखवट्यावर फार खर्च करावा लागला नाही, कारण आजारानं अर्धं काम करून ठेवलं होतं. हे वाचलं तेव्हा मला आधी आबाजी दिसले. वाटलं, सगळीकडे हेच आहे तर.

पण नीट बघितलं तर हेच नाही. अग्रवालना पार्ट माहीत होता. आपण राक्षस होणार आहोत, लोक किंचाळणार आहेत, नाव पडद्यावर येणार आहे. पुढं त्याच रामसेंच्या 'बंद दरवाजा'त ते होते, शेखर कपूरच्या 'बँडिट क्वीन'मध्येही होते. आपल्या चेहऱ्याचं काय करायचं हे ठरवताना ते खोलीत हजर होते. ती निवड किती मोकळी होती हा प्रश्न उरतोच. ज्या चेहऱ्याला हिरोचं काम कुणी देणार नाही, त्याला राक्षसाचं काम दिलं तर तो हो म्हणेल, यात नवल काय? पण हो म्हणायला त्यांना विचारलं गेलं होतं. न्यू गिनीतल्या त्या रडणाऱ्या बाईला विचारलं नव्हतं. आबाजींनी तर स्वतःहून विचारलं होतं, आणि मी उत्तर दिलं नाही. या तिघांत माझं प्रकरण सगळ्यात वाईट आहे, असं मला वाटतं.

माझा मित्र, ज्यानं त्या सकाळी मैद्याची खळ केली होती, तो हे मानत नाही. त्याचं म्हणणं साधं आहे. तू आधी सांगितलं असतंस की आबाजी, तुम्ही प्रेत आहात, तर त्यांनी नाही म्हटलं असतं, किंवा वाईट वाटून हो म्हटलं असतं. दोन्हीकडे तू त्यांना एवढंच सांगितलं असतंस की तुमचं चालणं प्रेतासारखं दिसतं. ते बरं होतं का? आणि दुसरं, लकवा झालेल्या माणसाला सिनेमात घ्यायचंच नाही का? मग धडधाकट पोरांनीच पाय ओढत चालायचं, मैदा लावून? त्याच्या या दुसऱ्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही. आबाजींना पार्ट पाहिजे होता. चाळीस वर्षांनी कुणीतरी त्यांना पार्ट देत होतं. ते ज्या तऱ्हेनं चालले, पाठ ताठ करून, तेही मला आता व्हिडिओत दिसतं.

पण पहिला मुद्दा मला पटत नाही. सांगणं अवघड होतं म्हणून सांगितलं नाही, यात आमची सोय होती, त्यांची काळजी नव्हती. आणि दंडारीतल्या माणसाला प्रेताचा पार्ट म्हणजे अपमान वाटेलच, हे आम्ही परस्पर ठरवलं. झाडीपट्टीचं नाटक बघितलं असेल तर तुम्हाला माहीत असेल. दिवाळीनंतर धान निघालं की हंगाम सुरू होतो, वडशाहून कंपन्यांच्या गाड्या निघतात, दिवसा शंकरपट, रात्री दहानंतर नाटक, ते पहाटेपर्यंत. परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना या रंगभूमीचं नाव कळलं, पण आम्ही तिथं आईच्या मांडीवर झोपून मोठे झालो. त्या स्टेजवर मरणं ही मोठी गोष्ट असते. नट मेला की बाया पदर डोळ्याला लावतात, आणि पडदा पडल्यावर तोच नट मागं चहा पिताना पोरं बघून येतात. पोट भरेपर्यंत रडायचं आणि पोटभर खोटं आहे हेही माहीत असायचं. आबाजी त्या शाळेतले होते. त्यांना प्रेताचा पार्ट समजावून सांगितला असता तर त्यांनी कदाचित आम्हाला चार गोष्टी शिकवल्या असत्या.

झोंबी हा शब्द मुळात हैतीचा. तिथल्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना मरेपर्यंत राबवलं जायचं. त्यांच्या वंशजांच्या गोष्टींतला झोंबी माणसं खात नाही. तो मेल्यानंतरही मालकासाठी राबतो. १९३२च्या 'व्हाइट झोंबी' या सिनेमात अशी प्रेतं साखर कारखान्यात मुकाट काम करताना दिसतात. भीती चावण्याची नव्हती. भीती ही होती की आपलं शरीर आपल्याला न विचारता कुणीतरी वापरेल आणि मरणसुद्धा सुटका करणार नाही. रोमेरोनंतर झोंबी खायला लागला आणि हा जुना अर्थ मागं पडला. मी तो बऱ्याच उशिरा वाचला. ४१ सेकंदांचा तो तुकडा तोपर्यंत कुठल्या कुठल्या फोनमध्ये राबून आला होता.

मराठीत मात्र झोंबी शब्दाला आधीपासूनच दुसरा अर्थ आहे. झोंबाझोंबी, कुस्ती, झटापट. आनंद यादवांची 'झोंबी' त्या अर्थाची. शाळेतून सुटलेली पोरं आबाजींच्या मागं 'झोंबी आला, झोंबी आला' करत पळायला लागली तेव्हा आबाजींना हाच अर्थ माहीत होता. एकदा चहाच्या टपरीवर त्यांनी मला विचारलं, "पोट्टे मले झोंबी कायले म्हनतात गा? मी त कधी कोनासंग झोंबाझोंबी नाई केली." मी म्हणालो, "असंच आबाजी, पोरं आहेत." दुसऱ्यांदा तेच. त्यांच्या प्रश्नाला दुसऱ्यांदा मी उत्तर दिलं नाही. त्यांनी मग सकाळची चक्कर तलावाऐवजी घराच्या अंगणात मारायला सुरुवात केली, दहा पावलं जायचं, दहा यायचं. थंडीमुळं असेल असं मी स्वतःला सांगितलं. एप्रिलमध्येही ते अंगणातच होते.

यूट्यूबवरून सिनेमा मी काढून टाकला. व्हॉट्सॲपवरून काय काढणार?

आबाजी २०२१च्या उन्हाळ्यात गेले. त्या दिवसांत इतकी माणसं जात होती की नीट बसायलाही जाता आलं नाही. चार-पाच महिन्यांनी त्यांचा नातू घरी आला. मला वाटलं, आता हा बोलणार, आणि बोलावंच. तो म्हणाला, "दादा, तुमच्याकडे आजोबाचा तो व्हिडिओ आहे ना? आमच्याकडे त्यांचा एकच फोटो आहे, आधार कार्डाचा. चालता-बोलता कुठंच नाही."

मेमरी कार्ड शोधायला दोन दिवस लागले. मूळ शूट सापडलं. त्यावर आम्ही टाकलेलं घुंऽऽ असं संगीत नव्हतं, निळसर रंग नव्हता. नुसतं धुकं, पाळीवरची चिखलट वाट, पाय घासल्याचा आवाज, मागं कुठंतरी बैलांच्या गळ्यातल्या घंटा. ४१ सेकंदांवर आमचा तुकडा संपतो. मूळ फाइल पुढं चालू राहते, कारण मी कॅमेरा बंद करायला विसरलो होतो. आबाजी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येतात, थांबतात, धाप लागलेली असते, वाकड्या तोंडानं हसतात आणि काहीतरी विचारतात. त्याच वेळी आम्ही चौघं जोरात ओरडतोय, जमलं जमलं म्हणून.

तसंच पाठवून दिलं, काही न कापता. रात्री नातवाचा फोन आला. घरच्यांनी तीन वेळा बघितला म्हणाला. आजी म्हणते, शेवटी आबाजी 'बराबर झाला का गा माजा पार्ट' असं विचारतात, पण तुमच्या आवाजामुळं नीट ऐकू येत नाही. तेवढा तुमचा आवाज कमी करता येईल का?